माझी नसलेली गाजरं

आमच्या घरी संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला गाजराचं एक गोड होतं. किसून दुधात आटवलेला हलवा नव्हे. जाड चकत्या, गुळाच्या पाकात मंद शिजवलेल्या, त्यात संत्र्याचा रस आणि काळी मऊ फळं. मालवणात दुसऱ्या कुठल्या घरी हे होत नाही, त्यामुळे बायका आठवण ठेवून येतात. माझी सून त्याला 'सासूबाईंची गाजरं' म्हणते, आणि सासूबाई म्हणजे मी. मी आता ऐंशी पार केली आहे. ती गाजरं माझी नाहीत हे सांगायला मला इतकी वर्षं लागली. सांगितलं त्याचं काय झालं तेही सांगेन, पण आधी ती ज्यांची होती त्यांच्याबद्दल.

लग्न होऊन मालवणात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माहेर आरोंद्याचं, खाडीकाठचं, भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणातलं, थोडं भात आणि पुष्कळ माणसं. सासर दुकानदारांचं. फोंडाघाटातून ट्रक उतरला की गूळ, कांदे, मिरच्या आमच्या दारात पडायच्या. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. आमटी जरा खारट झाली की पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "खाजनातली माणसां ती. खारा खातली नि खारा रांधतली." थोरली जाऊ गिरगावातली. हळदीकुंकवाला ती खोबऱ्याच्या गुलाबी वड्या करायची आणि बायका त्या हातात फिरवून फिरवून बघायच्या. मी पानसुपारीचं तबक फिरवायची. मला त्या वड्यांचा भयंकर राग यायचा. वड्या खरोखर चांगल्या असायच्या, म्हणून जास्तच.

त्या काळात, म्हणजे सन पंचावन्न-छप्पनच्या आसपास, दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. अलिबागकडच्या, बेने इस्रायल. आपल्याच मातीतले ज्यू लोक ते, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आमच्या गावाला एवढं कुठून ठाऊक असणार? कुणी त्यांना ख्रिस्ती म्हणे, कुणी मुसलमान. त्या आमच्यासारखंच लुगडं नेसायच्या आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायच्या. शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत, पण शनिवारी कुणी अडलेली असली तर पिशवी उचलून निघायच्या. "पोरं वार बघून येत नाहीत," म्हणायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. दाराच्या चौकटीला बोटभर लांबीची एक पितळी नळी ठोकलेली होती. आत-बाहेर करताना त्या तिला बोटं लावून ओठांना लावायच्या, आपण उंबऱ्याला नमस्कार करतो तसं.

माझा थोरला त्यांच्या हातावर झाला. पायाळू होता. दीड दिवस मी अडले होते आणि त्या तेवढा वेळ माझ्या उशाशी होत्या. सासूबाईंनी त्यांना नारळ-तांदूळ दिले, चहा दिला, आणि त्या गेल्यावर तो कप वेगळा विसळून वळचणीला नेऊन ठेवला. पुढे कायम त्यांचा कप म्हणून तो तिथेच असायचा. आमच्या घरचा वंश त्यांच्या हातांवर चालत होता, पण त्या हातचं पाणी चालत नव्हतं. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी तपासायच्या निमित्ताने त्यांच्या खोलीवर जायला लागले आणि तिथे बसायला लागले. तिथे मला कुणी खारी म्हणत नव्हतं. मी त्यांच्या हातचा चहा प्यायची, नारळाच्या रसातला गव्हाच्या चिकाचा हलवा खायची, आणि घरी येताना पदराने तोंड पुसायची. घरात कळलं असतं तर मला न्हाऊ घालून आत घेतलं असतं. चोरून खाण्याला एक चव असते, तीही होतीच.

त्यांची धाकटी बहीण नवऱ्या-मुलांबरोबर इस्रायलला गेली होती. पत्रं मराठीत यायची आणि नर्सबाई त्यातलं थोडं थोडं मला वाचून दाखवायच्या. तिथं पाऊस कसा येतच नाही, बोंबील कसे मिळत नाहीत, असलं. त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं पार्सल आलं. कापडात शिवलेलं, वर इंग्रजीत नाव-पत्ता. आत एक पत्र आणि पत्र्याच्या डब्यात काळी, सुरकुतलेली, चकचकीत फळं. मला ती आमसुलंच वाटली. मी म्हटलं, "सोलां कशाला पाठवली एवढ्या लांबून? हयसर काय भिरंडांचो तोटो आसा?"

त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एक फळ माझ्या हातावर ठेवलं. मी आंबट लागणार म्हणून तोंड वाकडं करूनच चावलं आणि ते गोड निघालं. ती सुकवलेली आलुबुखार होती.

पत्रात पाककृती होती. बहिणीच्या शेजारी पोलंडहून आलेली एक म्हातारी राहायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हातारीने तिचा हात धरून शिकवलं होतं. गाजराच्या चकत्या करायच्या, मोहरांसारख्या, म्हणजे नवं वर्ष भरल्या हाताने येतं. बहिणीने शेवटी लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे: 'नव्याच्या सणाला तूही कर. त्या दिवशी तू तिथे खाशील, मी इथे खाईन. एका पानात बसल्यासारखं वाटेल.' नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवं वर्ष; पार्सल मात्र तो उलटून दीड महिन्याने पोचलं. नर्सबाई म्हणाल्या, "बोटीला कुठे आमचा सण माहीत असतो? पुढल्या वर्षी करीन."

पण धीर त्यांनाही नव्हता. मार्गशीर्षात ट्रकमधून घाटावरची गाजरं आली, मी त्यातल्या दोन जुड्या घेऊन गेले आणि आम्ही मूठभर फळं घालून ते करून बघितलं. मध नव्हता, गूळ घातला. संत्री नागपूरची, सुकलेली, पण रस निघाला. तूप घालायचं नाही, तेल घालायचं, असं बहिणीने अधोरेखित करून लिहिलं होतं, कारण मटणाबरोबर दुधातुपाचं काही त्यांना चालत नाही आणि हे मटणाबरोबरही वाढतात. मी चमचा घालायला गेले तर त्यांनी हात धरला. "ढवळायचं नाही. चकत्या मोडतात. टोप हलवायचा." आमच्याकडे माशांची कढी अशीच टोप धरून हलवतात. पोलंडची म्हातारी आणि माझी आई एकाच तऱ्हेने टोप हलवतात याची मला गंमत वाटली. आम्ही दोघींनी टोपातूनच खाल्लं. उरलेली फळं त्यांनी डब्यात घालून झाकणाला मेण लावलं. "ही आता सणाला. तेव्हा बेळगावहून गाजरं आणवीन," म्हणाल्या.

जानेवारीत सासूबाईंनी जाहीर केलं, "यंदा गोड धाकटेन करूचा. बघूया आरोंद्याची काय करता ता." जाऊ हसली. सातवा महिना होता मला, आणि माझ्या डोक्यात त्या क्षणापासून ती काळी फळं बसली. दुसरं काही सुचेना. खोबऱ्याची वडी केली तर जावेची नक्कल म्हणतील, खीर केली तर रोजचीच म्हणतील. हे कुणी बघितलेलंच नव्हतं.

सरळ मागता आलं असतं. नर्सबाईंनी दिली असती. पण मग सांगावं लागलं असतं की हळदीकुंकवाला हवीत, आणि मग तुमचं नाव तिथे घेता येणार नाही हेही सांगावं लागलं असतं, कारण तुमच्या चुलीवरचं म्हटलं तर बायका वाट्या खाली ठेवतील. ते मला त्यांच्या तोंडावर म्हणवेना. म्हणून मी दुसरं म्हटलं. मी म्हटलं, "बाय, माका त्या गाजरांचे डोहाळे लागलेत. दुसरं काही जात नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून डबा काढला, झाकणाचं मेण नखाने सोडवलं आणि सगळी फळं माझ्या पदरात ओतली. डबा उलटा करून तळाला थाप मारली, एक चिकटलेलं होतं तेही पडलं. "पोटुशीला नाही म्हणू नये," म्हणाल्या. मी एकदाही म्हटलं नाही की अर्धी ठेवा. पदराची गाठ मारली आणि निघाले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे लोक असतात. मी तर हलवायाला फसवून त्याचंच घर उचललं.

हळदीकुंकवाच्या दिवशी गाजरं फार सुंदर झाली. तूप घातलं, भरपूर. सणाचं गोड तेलात करायचं माझ्या हाताला पटलंच नसतं. बायका आल्या, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, आणि वाट्या फिरल्या. पहिलीच म्हणाली, "गो बाय, गाजरात सोलां कित्याक घातलंस?" सगळ्या हसल्या. मग तिने खाल्लं. मग दुसरी वाटी मागितली.

"कोणी शिकवल्यान?" कुणीतरी विचारलं.

"कोणी नाय. माझाच माका सुचला," मी म्हटलं. "फळां मुंबैसून आणवलंय."

सासूबाईंच्या तोंडावर असा आनंद मी त्याआधी बघितला नव्हता. त्या ज्याला त्याला सांगत होत्या, आमच्या धाकटीनं केलं. जावेच्या वड्यांचं ताट अर्धं भरलेलं तसंच होतं आणि मला त्याचं, देवाशपथ, बरं वाटत होतं.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं, असण्याचा प्रश्नच नव्हता. मी दोन आठवडे तपासायला गेले नव्हते, चोराच्या मनात चांदणं म्हणून मी त्यांना टाळत होते, तर त्याच चौकशीला आल्या होत्या. पडवीत थांबल्या. सासूबाई तेव्हा खुशीत होत्या. "नर्सबाय, येवा, हयसर बसा," म्हणाल्या, आणि चक्क त्यांच्यासाठी वाटी आणायला लावली. वळचणीच्या कपाशेजारची वाटी. "खावन बघा. आमच्या धाकटेन केल्यान. स्वताच्या डोक्यान."

मी वाटी नेऊन दिली. माझ्याशिवाय कोण देणार? त्यांनी वाटीत बघितलं. चकत्या, फळं, वर तुपाची चकाकी. सगळ्या बायका आतून बघत होत्या, कारण नर्सला आवडतं का हे बघायची हौस होती. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर मी त्या दिवशी संपले असते, घरात आणि गावात. चोरी, खोटं आणि बाटणं, सगळं एका वाटीत होतं.

त्यांनी एक चकती खाल्ली, एक फळ खाल्लं. सावकाश. मग म्हणाल्या, "छान झालंय. मी असं कधी खाल्लं नव्हतं. कसं करतात हे?"

मला वाटलं होतं, त्यांनी पांघरूण घातलं, आता गप्प बसतील. पण त्या विचारून थांबल्या. बायका म्हणाल्या, सांग गो, आमकाय कळूदे. आणि मी सांगितलं. उभी राहून, मोठ्या आवाजात. गाजरं जाड कापायची, पातळ कापली तर मोडतात. गूळ मागाहून. संत्र्याचा रस. आणि ढवळायचं नाही, टोप हलवायचा. त्यांच्या बहिणीचं पत्र मी त्यांनाच पाठ म्हणून दाखवलं आणि त्या मान हलवत ऐकत होत्या, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या. "अच्छा," म्हणाल्या, "टोप हलवायचा." वाटी रिकामी करून त्यांनी ती स्वतःच विहिरीपाशी नेऊन धुतली. जाताना माझ्या पायांची सूज बघितली आणि मीठ कमी खायला सांगितलं.

ही गोष्ट आठवली की आजही माझे कान तापतात. खोटं बोलले त्याची लाज आहे, फळं घेतली त्याची आहे, पण सगळ्यात जास्त लाज त्या मोठ्या आवाजाची वाटते. आवाज बारीक करून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

चैत्रात मुलगी झाली, त्यांच्याच हातावर. कळा येत असताना त्यांनी माझा हात धरला होता आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. गाजरांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पुढच्या नव्याच्या सणाला त्यांनी काय खाल्लं, कुणाबरोबर खाल्लं, मला माहीत नाही. मी गेलेच नाही. पोर लहान आहे ही सबब आयती होती, आणि पोर मोठी होत गेली तशी मी दुसऱ्या सबबी शोधल्या.

चार-पाच वर्षांनी कळलं की नर्सबाई नोकरी सोडून बहिणीकडे चालल्या, कायमच्या. सासूबाई म्हणाल्या, "तिका तुझी गाजरां आवडलेली. डबो भरून दी, बोटीत खायत." नाही कसं म्हणणार? केली. आलुबुखार कुठली असायला, खजूर घातला. सासूबाई आणि मी धक्क्यावर गेलो. निम्मं गाव आलं होतं, निम्म्या गावाची पोरं त्यांनीच काढली होती. आगबोट लांब उभी होती आणि सामान पडावात चढत होतं. सासूबाई दहा पावलांवर कोळणींशी बोलत होत्या.

मी डबा दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "तूप घातलंस."

"होय."

"तेव्हाही घातलं होतंस. चांगलं लागतं."

मग माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "बाय, तेव्हा मला डोहाळे लागले नव्हते."

"सातव्या महिन्यात नवे डोहाळे लागत नाहीत, बाळ. जन्म गेला माझा यात."

"मग दिलंत कशाला?"

"तू मागितलंस म्हणून. खोटं बोलून मागितलंस म्हणजे फारच हवं होतं." त्यांनी झाकण लावलं. "एक कर. पुढे करशील तेव्हा सांगत जा, हे कुणा एका बहिणीने दुसरीला पत्रातून पाठवलं होतं. माझं राहू दे. तिचं सांग. तिने फार हौसेनं लिहिलं होतं."

मी होय म्हटलं. सासूबाई दहा पावलांवर होत्या. तिथल्या तिथे हाक मारून सांगता आलं असतं. फार तर काय झालं असतं, मला न्हाऊ घातलं असतं. नर्सबाई पडावात बसल्या, डबा मांडीवर घेतला, आणि पडाव निघाला. आम्ही हात हलवले. सासूबाईंनी डोळे पुसले. घरी आल्यावर वळचणीचा तो कप त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला.

सासूबाई त्यानंतर वीस वर्षं जगल्या आणि दर संक्रांतीला गाजरांचं कौतुक करत राहिल्या. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्या गेल्या. जाऊ गेली. मग माझी सून आली, तिने गाजरं शिकून घेतली, आणि ती आता माझ्यापेक्षा चांगली करते. आता बाजारात आलुबुखार मिळतात, पिशवीत बंद केलेली.

यंदा मी ठरवलं. बायका बसल्या होत्या, वाट्या हातात होत्या. मी खुर्चीतूनच म्हटलं, "बायांनो, ही गाजरां माझी न्हयत." आणि सगळं सांगितलं, पार्सलापासून पडावापर्यंत. डोहाळ्याचं खोटं सांगितलं, वाटी सांगितली, बहिणीचं पत्र सांगितलं. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला हलकं वाटायला लागलं होतं.

मग शेजारची एक पोरगी, कॉलेजात शिकवते, तिने विचारलं, "आजी, त्या नर्सबाईंचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला ते माहीत नाही. सगळं गाव नर्सबाय म्हणायचं, मीही म्हणायची. पार्सलावर नाव होतं, पण ते इंग्रजीत होतं आणि मला इंग्रजी येत नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. माझी दोन मुलं त्यांच्या हातावर झाली आणि मी कधी विचारलं नाही.

"आणि बहिणीचं?"

तेही माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली. मग एक जुनी शेजारीण हसून म्हणाली, "बघा गो, कसो मोठेपणा. स्वताचा केलेला दुसऱ्याच्या नावावर घालता, तेका नावसुदा गावना नाय." सगळ्या हसल्या. सून म्हणाली, "आईंचं हे असंच असतं," आणि तिने कौतुकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जाताना बायकांनी गाजरं डब्यातून नेली. सासूबाईंची गाजरं म्हणूनच नेली.